बंदरातल्या विषारी गाळावर सक्रिय कोळशाच्या गोळ्या: कुठे चालतात, कुठे नाही

सक्रिय कोळसा म्हणजे विष धरून ठेवायला मुद्दाम सच्छिद्र केलेला कोळसा. त्याची नुसती भुकटी पाण्यावर तरंगते नि प्रवाहाबरोबर वाहून जाते. या गोळ्यांत ती चिकणमाती आणि वाळूबरोबर दाबलेली असल्याने सरळ तळाशी बसते. मग गोळी विरघळते आणि गाळातले किडे माती उकरता उकरता कोळसा खाली मिसळतात. पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली विषारी रसायनं) आणि पीएएच (डांबर नि इंधनाच्या धुरातून येणारी) कोळशाला घट्ट चिकटतात, त्यामुळे किड्यांच्या आणि पुढे माशांच्या अंगात कमी जातात. विष नष्ट होत नाही, जागच्या जागी अडकतं. विक्रेत्याने हे स्पष्ट सांगायलाच हवं.

मात्रा वरच्या १० सेंमी गाळाच्या कोरड्या वजनावर ठरवा, साधारण ३ ते ५ टक्के कोळसा. मऊ गाळात दर चौरस मीटरला अंदाजे ५० किलो कोरडा माल असतो, म्हणजे ४ टक्क्यांनी २ किलो कोळसा. गोळीत निम्माच कोळसा असेल तर गोळ्या ४ किलो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जास्त ओतूनही उपयोग नाही, बारीक कोळसा काही किड्यांना बाधतो.

पसरणी भरती-ओहोटी पालटताना पाणी संथ असतं तेव्हा करा.

जहाजांच्या पंख्यांनी तळ ढवळला जातो अशा धक्क्याजवळ मात्र या गोळ्या घेऊ नयेत, तिथे गाळ उपसणंच बरं. शिसं, जस्त यांसाठीही या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आणि सांडपाण्याचा नळ चालू असेल तर आधी तो बंद करा, नाहीतर वर नवा विषारी थर बसतो.

परिणाम तपासायला पॉलिइथिलीनच्या (एक प्लास्टिक) पट्ट्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गाळात रोवा; त्या गाळातल्या पाण्यात विरघळलेलं विष शोषतात, म्हणून ते किती घटलं हे कळतं.