इंडो-यूएस वर्णपटसंग्रह: रेषांसाठी उत्तम, रंगांसाठी नव्हे

दूरच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत. हाती येतो तो असंख्य ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश. त्यात कोणत्या वयाचे आणि किती धातूंचे (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियमपलीकडची सारी मूलद्रव्ये धातूच) तारे मिसळले आहेत हे उलगडायचे, तर आपल्या परिसरातील सुट्या ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार फोड केलेला आणि मूलद्रव्यांच्या रेषा दाखवणारा प्रकाश, नमुन्यादाखल लागतात. त्यासाठीचा इंडो-यूएस संग्रह २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत असलेले रंजन गुप्ता त्याच्या कर्त्यांपैकी एक आहेत. अमेरिकेतील किट पीक वेधशाळेच्या ०.९ मीटर कूडे फीड दुर्बिणीतून टिपलेले १२७३ ताऱ्यांचे वर्णपट त्यात आहेत आणि ते विनामूल्य मिळतात.

याचे खरे बळ आहे विभेदनात, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याच्या क्षमतेत. सुमारे १ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) विभेदनामुळे ५००० अँगस्ट्रॉमपाशी सेकंदाला २५ किलोमीटरच्या आसपासचा वेगविस्तारही, म्हणजे दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांतली तफावतही, मोजता येतो. बहुतेकांच्या वापरातल्या माइल्स या दुसऱ्या वर्णपटसंग्रहाचे विभेदन २.५ अँगस्ट्रॉम असल्याने तिथे ही मर्यादा ६० च्या पुढे जाते. त्यामुळे बटु, म्हणजे लहान आणि कमी वेगविस्ताराच्या, दीर्घिकांच्या अभ्यासात हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय माइल्स ७५०० अँगस्ट्रॉमपाशी थांबतो, तर इथे ८८५ ताऱ्यांचे वर्णपट ३४६० ते ९४६४ अँगस्ट्रॉमपर्यंत सलग आहेत. म्हणजे ८४९८, ८५४२ आणि ८६६२ अँगस्ट्रॉमवरच्या कॅल्शियमच्या तिन्ही रेषा हायड्रोजन आणि मॅग्नेशियमच्या रेषांसोबत एकाच ताऱ्याच्या एकाच वर्णपटात तपासता येतात, आणि ही सोय फार मोलाची आहे. उरलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांत मात्र मधे खंड आहेत, तेव्हा निवड करताना ते आधी पाहून घ्यावे.

मोठी उणीव आहे ती सलग पटाच्या, म्हणजे रेषा वगळता उरणाऱ्या अखंड प्रकाशाच्या, आकाराची. हा आकार प्रत्येक ताऱ्यासाठी स्वतंत्रपणे मोजलेला नसून, त्याच वर्णप्रकाराच्या (वर्णपटावरून ठरलेल्या ताऱ्यांच्या वर्गाच्या) प्रमाण वर्णपटाशी, म्हणजे पिकल्स यांच्या प्रमाण वर्णपटांच्या संग्रहाशी, जुळवून बसवलेला आहे. वेग मोजताना बहुपदीने, म्हणजे गणिती वक्राने, हा आकार बाजूला सारता येत असल्याने तिथे काही बिघडत नाही. पण दीर्घिकेच्या रंगावरून वय किंवा धुळीचे प्रमाण काढायचे असेल, तर या पटांवर भिस्त ठेवू नये. त्या कामाला माइल्सच घ्यावा.

दुसरी अडचण एकट्या या संग्रहाची नाही. सूर्याच्या शेजारचे धातुसंपन्न तारे लोहाच्या मानाने मॅग्नेशियममध्ये फारसे समृद्ध नसतात, उलट मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकांतले असतात. त्यांची मॅग्नेशियम रेषा केवळ या नमुन्यांनी नीट जुळत नाही आणि सैद्धांतिक वर्णपटांची जोड द्यावीच लागते.