लिटर बाईका सोडा, अल्टोची रेस बघा

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन नागपूरच्या बाहेर एका ठिकाणी हौशी लोकांची ड्रॅग रेस, म्हणजे दोन-दोन गाड्यांची सरळ पट्ट्यावरची शर्यत, बघायला गेलो होतो, तिकीट माणशी ३०० अन् सांगतो भाऊ, पैसे वसूल, पण पोस्टरवर छापलेल्या लिटर बाईकांमुळे, म्हणजे हजार सीसीच्या सुपरबाईकांमुळे, नाही. त्या डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गेलेल्या असतात अन् कोण जिंकणार ते बहुतेक वेळा सुटल्या सुटल्याच कळतं.

खरी मजा ब्रॅकेट क्लासची. ४०२ मीटरला म्हणजे पाव मैलाला आपली गाडी किती सेकंद घेईल ते ड्रायव्हर आधीच सांगतो, तो डायल-इन, अन् दोघांत जेवढा फरक तेवढा आधी हिरवा दिवा हळू गाडीला. सांगितल्यापेक्षा कमी वेळात गेलात की ब्रेकआउट, खेळ खल्लास. एक जुनी अल्टो होती २०.५ ची, शेजारच्या लेनमध्ये रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) ऑक्टाव्हिया १५ ची. अल्टो निघाली, ऑक्टाव्हिया साडेपाच सेकंद जागीच गुरगुरत उभी, अख्खा स्टँड उठून उभा अन् भाचा माझी बाही ओढतोय, "मामा, त्याला सोडत काहून नाहीत?" शेवटी ऑक्टाव्हिया बोनेटभर पुढं निघाली पण वेळ आली १४.९, अल्टो जिंकली! असा आरडाओरडा सुपरबाईकला एकदाही झाला नाही.

दुसरं म्हणजे यामाहाची जुनी बाईक आरएक्स १००. मागचा टायर गरम करायला जागीच गरगर फिरवून केलेला बर्नआउट, टू-स्ट्रोकचा निळा धूर, जळक्या ऑइलचा वास, आमच्या पिढीला आणखी काय पाहिजे.

तक्रार एकच पण मोठी आहे. अनाउन्सर नुसती गाड्यांची नावं ओरडत होता, डायल-इन एकदाही सांगितला नाही, अन् वेळेचा बोर्ड पार फिनिशजवळ, स्टँडमधून आकडाच दिसत नाही. ऑक्टाव्हियाचं १४.९ पण मला खाली जाऊन विचारून यावं लागलं. शेजारच्या काकांना तर वाटलं अल्टोवाल्याला मुद्दाम आधी सोडलं, चीटिंग आहे, ते चिडून निघाले होते, मी थांबवून समजावलं तर मग शेवटपर्यंत हलले नाहीत. दोन आकडे माईकवर बोलायला काय लागतं हो? पब्लिक टिकवायचं असेल तर एवढं कराच.

५ पैकी साडेतीन. जाणार असाल तर सकाळी नऊलाच पोचा, ब्रॅकेट आधी होतात, स्टार्टच्या दिव्यांजवळ बसा अन् लहान पोरं सोबत असतील तर कानात घालायला कापूस न्या.