जुन्या बीटलमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: आठ महिने वापरल्यावर

माझी १९६८ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० इंजिन. रिस्टोरेशनमध्ये सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते याच प्रश्नाने, काय ओरिजिनल ठेवायचं आणि काय बदलायचं. शेवटी इंजिनमध्ये एकच बदल केला, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाकलं, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी मागची गोष्ट सांगतो, नाहीतर हा निर्णय कळणार नाही. गाडी घेतली तेव्हा कंपनीचा व्हॅक्युमवाला डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वेळेवर प्रत्येक प्लगला पोचवणारा भाग, हा इंजिनच्या व्हॅक्युमप्रमाणे ठिणगी लवकर पाडतो) आधीच्या मालकाने काढून फक्त सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्सवाला, म्हणजे निव्वळ इंजिनच्या वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेणारा, बसवला होता. बीटलवाले हे सर्रास करतात, दिसतोही छान. पण उभ्या गाडीला अॅक्सिलरेटर दिला की ती क्षणभर गुदमरायची आणि मग उचल घ्यायची. मी कार्ब्युरेटर दोनदा खोलला, जेट साफ केले, काडीचा फरक नाही. मग जुना व्हॅक्युमवाला शोधून बसवला, कार्ब्युरेटरची नळी जोडली, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ७.५ डिग्रीवर लावलं, आणि अडखळणं बंद! कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ही कंपनीने लावलेली जोडी होती, ती तोडली म्हणूनच सगळा त्रास.

मग किट कशाला? तर पॉइंटसाठी. गॅप हवी ०.४ मिमी, पण कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) घासून पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जाते आणि टायमिंग मागे सरकतं. त्यात नवे कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला छोटा भाग) बेभरवशाचे. माझे दोन लागोपाठ गेले, एक तर भर रस्त्यात.

किट बसवायला अर्धा तास पुरे. कॅपच्या दोन क्लिप काढा, रोटर उचला, एका स्क्रूवरचा पॉइंट सेट बाहेर, त्या जागी मॉड्यूल, आणि कॅमवर चुंबकाची छोटी रिंग दाबून बसवायची. लाल वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्लसला, काळी मायनसला. वायर आतल्या हलणाऱ्या प्लेटला घासत नाही ना ते नक्की बघा, व्हॅक्युमने प्लेट फिरते तेव्हा वायर ओढली जाते. नंतर टायमिंग परत चेक करायचंच. बाहेरचा कंडेन्सर मी न जोडता तसाच ठेवलाय, त्यामुळे एकाऐवजी दोन वायर निघताना दिसतात एवढाच काय तो फरक, आणि तोही जाणकारालाच कळेल.

आता गाडी थंडीतही पहिल्या सेल्फला उठते, आयडल एकसारखं, आठ महिन्यांत टायमिंग तसूभर हललेलं नाही. पॉवर वाढते वगैरे जाहिरातीत लिहितात ते मला तरी जाणवलं नाही.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन, मी वायपरचं वायरिंग चेक करत होतो दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात कॉइल चटका बसेल इतकी तापली आणि मॉड्यूल गेलं. असं करू नका ही सूचना माहितीपत्रकात अगदी शेवटी बारीक अक्षरात होती, पहिल्या ओळीत हवी होती. कॉइलचा रेझिस्टन्सही मीटरने मोजून घ्या, माझ्या किटला ३ ओहमची लागते, कमीची लावली तर मॉड्यूल जळतं. आणि पॉइंट निदान आधी कुरकुर करतात, मॉड्यूल काही न सांगता एकदम मरतं. म्हणून जुना पॉइंट सेट, चालू कंडेन्सर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) आणि स्क्रूड्रायव्हर कायम गाडीत असतात.

तरीही हा बदल मला पटतो, कारण एकही भोक पाडलं नाही, काही कापलं नाही, पुढच्या मालकाला पॉइंट हवे असतील तर अर्ध्या तासात परत. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा तीस वर्षांपुढची आणि मूळ रूपात जपलेली गाडीच ऐतिहासिक धरते, आणि गाडी तशीच राहावी असं मलाही मनापासून वाटतं. थ्री-पॉइंट सीटबेल्ट मात्र एका मिनिटाचाही विचार न करता लावले, मुलं बसतात गाडीत, बोल्टच्या जागाही बॉडीत तयारच होत्या. पुढच्या डिस्क ब्रेकवर अजून अडलोय. तोपर्यंत ड्रम नीट अॅडजस्ट करून चालवतोय आणि पुढच्या गाडीपासून जरा जास्तच अंतर ठेवतोय.