चंपाषष्ठीची पदं बांधायची आहेत: पेटी घ्यावी की तुणतुणं?

दिवाळी पाडव्यापासून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपर्यंत बरोबर एक महिना असतो. पोटासाठी नोकरी आणि हौसेनं, श्रद्धेनं जागरण-गोंधळ करणाऱ्या माणसाला त्यातले मोकळे दिवस फार थोडे मिळतात. तुळशीचं लग्न लागलं की घरोघरची लग्नं सुरू होतात, लग्नामागून जागरणाच्या सुपाऱ्या येतात आणि पुढचे सगळे शनिवार-रविवार रात्री जागण्यात जातात. नवं काही रचायचं तर ते दिवाळीच्या सुट्टीतच. यंदा मी खंडोबाच्या नवरात्रासाठी सहा पदं हाती घेतली आहेत. प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत रोज रात्री एक नवं पद म्हणायचं, असं आमच्या जागरणाच्या पार्टीनं ठरवलंय.

या दिवसांत बरोबरीचे गाणारे एक प्रश्न हमखास विचारतात: चाल बांधायला पेटी घेऊन बसावं की तुणतुणं? मी चार दिवाळ्या पेटीवर बांधलं आणि गेल्या तीन तुणतुण्यावर. फोनवरच्या तानपुऱ्याचाही प्रयत्न केला, पण त्याला लय नसल्यामुळे आमच्या पदांना तो फारसा कामाचा वाटला नाही.

पेटीचे उपकार मोठे आहेत. सापडलेली ओळ ती हरवू देत नाही. सकाळी सुचलेला मुखडा संध्याकाळी त्याच पट्ट्यांवर जसाच्या तसा मिळतो. नवशिक्याचा सूर ती सांभाळते. भजनी मंडळासाठी रचत असाल तर दुसरा विचारच करू नका, कारण गाताना पेटी शेजारी असणारच आहे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला लांब ठेवलं होतं. दोन सुरांच्या मधल्या जागा आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यावर निघत नाही, असा जाणकारांचा आक्षेप होता. तो खराही आहे, पण माझं मन पेटीवरून उडालं ते वेगळ्या कारणानं.

एका वर्षी मी भंडाऱ्यावर एक पद केलं होतं. ‘सडा’ या शब्दावर पेटीनं फार सुंदर वळण दिलं. पंचमावरून कोमल निषादाला हात लावून वरच्या षड्जावर जायचं आणि लगेच खाली उतरायचं. घरी चार वेळा वाजवलं, चार वेळा अंगावर काटा आला. मग कार्यक्रमाची रात्र आली. अंगण माणसांनी भरलेलं, बारा वाजून गेलेले, संबळ चढलेली. मी मुखडा टाकला आणि झील धरायला, म्हणजे ओळ मागून उचलून म्हणायला, मागे तिघं. एक जण माझ्यामागून वर गेला, दुसरा पंचमावरच थांबला, तिसरा गप्प झाला. मुरळीचं पाऊल अडखळलं. शेवटी कुणीतरी ‘सदानंदाचा यळकोट’ घातला आणि वेळ निभावली. मला वाटलं, तालीम कमी पडली. पुढच्या दोन कार्यक्रमांत तेच पद, तीच जागा आणि तीच गत.

पार्टीतले आमचे आण्णा त्या रात्री परतताना म्हणाले, “मास्तर, हे पद बोटांनी केलंय. गळ्याला विचारलंच नाही.” त्या एका वाक्यानं माझ्यापुरता निकाल लागला. पेटीवर बोटं आधी चालतात आणि गळा त्यांच्या मागून जातो. एकट्याला ते जमतं, चौघांच्या झिलीला जमत नाही. आणि आमच्या पदाचा जीव झिलीत असतो. दुसऱ्या खेपेला मागच्यांनी ओळ उचलली नाही, तर ते पद तिथंच संपलं. शिवाय पेटीवर चाल आधी तयार होते आणि शब्द मागून कोंबावे लागतात. माझ्या त्या वेळच्या वह्या उघडल्या की जागोजागी मात्रा भरायला घातलेले ‘गं’ आणि ‘रं’ दिसतात.

तुणतुण्यात आहे काय? लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला चामडं, बाजूला दांडी, तिच्यावर खुंटी आणि एकच तार. ते तुम्हाला षड्ज देतं आणि लय देतं. बाकी सगळं गळ्यानं शोधायचं, आणि गळा जे शोधतो ते दुसऱ्या गळ्याला बहुतेक वेळा उचलता येतं. दिंग दिंग चालू राहिलं की शब्द आपोआप चालीला लागतात. लांबलेला शब्द लयीतून बाहेर पडतो आणि तो टाकायचा हे तिथंच कळतं. परवा लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ओट्यावर बसलो होतो, अर्ध्या तासात एवढं आलं:

वांगं गेलं निखाऱ्यावर, रोडगा गेला तव्यावर,
माझा मल्हारी बाई गं बसला घोड्यावर.

यात अवघड जागा एकही नाही. फोनवरून आण्णांना ऐकवलं, तर दुसऱ्या ओळीला पलीकडून झील आलीसुद्धा.

तुणतुण्याचा त्रास नाही असं नाही. पहाटेच्या गारठ्यात खुंटी सरकते आणि तार उतरते. खुंटीला खडूची पूड लावली की ती धरून राहते. दोन्ही हात गुंतलेले असल्यानं लिहिता येत नाही, म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावतो. पण तो दोन हात लांब ठेवा, नाहीतर तारेच्या आवाजात शब्द बुडतात. पेटीही मी घराबाहेर काढलेली नाही. रोज सकाळी पांढरी चारची पट्टी दाबतो, तार तिला मिळवून घेतो आणि झाकण लावतो.

हल्ली पुष्कळ पार्ट्यांत कीबोर्ड असतो. तुमच्याकडे असेल तर पेटीवर बांधलेलं तिथं निभावेल, कदाचित जास्त खुलेलही. सूर अजून डळमळत असेल तरी पहिलं वर्ष पेटीवरच काढावं, असं मला वाटतं. पण तुमच्या अंगणात संबळ, दिमडी, झांज आणि तुणतुणं एवढंच असेल, तर बांधतानाही तेच हाती घेऊन पाहा. निदान एक पद तरी. आणि ते पुरं व्हायच्या आधीच झील धरणाऱ्यांपैकी कुणाला तरी समोर बसवा.

माझी तीन पदं झाली आहेत. चौथ्याचा अंतरा अडलाय. भाऊबीज आटोपली की आण्णा येणार आहेत, त्यांच्यासमोर पुन्हा तार लावून बसेन.