गॅस टॉर्चचा डेमो दाखवून विकलेलं भट्टीचं ‘कास्टेबल’

नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमना भागात कुणाची भट्टी असेल आणि ‘हलकं, स्वस्त कास्टेबल’ (भट्टीला आतून लावायचं, उष्णता सोसणारं काँक्रीट) घेऊन कुणी दारात आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमचं हिंगणा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं लहान युनिट आहे. ईएन-८ या पोलादाचे जॉब साधारण ८५० अंशांवर तापवतो. उन्हाळ्यात लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, बदलायचं निघालं, तेव्हा एक सप्लायर हलक्या सिमेंटची जाडसर लादी घेऊन आला. एका बाजूनं गॅस टॉर्च लावला आणि दुसऱ्या बाजूवर माझा तळहात ठेवायला लावला. लादी गारच! “पाहा भाऊ, १२६० डिग्रीचा माल आहे, टेन्शनच नाही.” पत्रकावरही १२६० छापलेलं होतं आणि भाव नेहमीच्या कास्टेबलच्या जवळपास निम्मा.

लबाडी त्या डेमोतच होती. आत हवा कोंडलेलं कुठलंही हलकं सिमेंट थोडा वेळ उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. पण उष्णता अडवणं वेगळं आणि रोज ८५० अंश सोसून ताकद टिकवणं वेगळं. घराला आग लागली तर एएसी ब्लॉकची (आत हवा कोंडलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची) भिंत उत्तम तग धरते, तरी त्या ब्लॉकची भट्टी कुणी बांधत नाही.

पहिल्यांदा भट्टी तापवली तेव्हा काळा धूर आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. “बाइंडर (माल बांधून ठेवणारा घटक) जळतोय,” असं सप्लायरकडून उत्तर मिळालं. पुढे भर पावसाळ्यात काही दिवस काम बंद होतं. नंतर दार उघडलं तर छताचं लायनिंग खाली पडलेलं, आणि उरलेल्यात बोट घातलं की पांढुरका भुगा हातात येत होता.

मेटलर्जीच्या एका जाणकारांनी तुकडे पाहून सांगितलं की हे साधं पोर्टलँड सिमेंट आहे, त्यात थर्माकोलचे दाणे. या सिमेंटमध्ये तयार होणारा विरीचा (पाणी प्यायलेला) चुना ४०० ते ५०० अंशांदरम्यान पाणी सोडून कळीचा चुना होतो. भट्टी थंड झाली की तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि सगळी पकड आतून तोडतो. वाळू असेल तर तिच्यातला क्वार्ट्झ ५७३ अंशांवर फुगतो, तो घाव वेगळाच. खऱ्या कास्टेबलमध्ये हाय अॅल्युमिना सिमेंट असतं, त्यात हा चुना तयारच होत नाही.

सप्लायरनं आमच्यावरच ढकललं, “तुम्ही घाईनं तापवलं.” ओलं कास्टेबल घाईनं तापवलं तर वाफेनं फुटतं, हे खरं आहे. पण ते पहिल्याच तापवणीत फुटतं, पावसाळ्यात भुगा होऊन गळत नाही. बिलावर नुसतं ‘सिमेंट मटेरियल’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायलाही आधार राहिला नाही. पैसे अजून अडकलेले आहेत.

माल घेताना सिमेंटचा प्रकार आणि कमाल तापमान बिलावरच लिहून मागा. रंगावर जाऊ नका, हाय अॅल्युमिना सिमेंटही करडं असू शकतं. तुकडा फोडून आतला पांढरा दाणा नखानं दाबा. परलाइट (खऱ्या हलक्या कास्टेबलमधला फुगवलेल्या खनिजाचा दाणा) कुरकुरत चुरतो, थर्माकोल दबून परत वर येतो. एक तुकडा आपल्याच भट्टीत कामाच्या तापमानाला तापवा, थंड करून काही दिवस दमट जागी ठेवा आणि मग अंगठ्यानं दाबून पाहा. सप्लायर तेवढं थांबायला तयार नसेल तर त्याला परत पाठवा.

आणि असा माल ज्यांच्या भट्टीत आधीच बसलाय, त्यांनी सुट्टीनंतर कामगाराला आत डोकं घालू देण्याआधी बाहेरूनच लांब सळईनं छत ठोकून पाहावं.