लाकडी डेक, कोकणातला पाऊस आणि आमचे मिस्त्री (५ पैकी ४)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी मुद्दाम तीन पावसाळे थांबून लिहितेय. डेक बांधून झाला की दुसऱ्या दिवशी सगळेच डेक सुंदर दिसतात, फोटो काढायचे, पाच स्टार द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पहिल्या वेळी मी तेच केलं आणि तोंडावर पडले.

घर माहेरचं, दापोली तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. जांभ्याचं जुनं घर, पुढे पडवी, पडवीच्या पुढे उतार आणि मग वाडी. त्या उतारावर बाबांना संध्याकाळी बसायला काहीतरी हवं होतं. बाबा त्याला लाकडाचा ओटा म्हणतात, डेक वगैरे शब्द त्यांना मान्य नाही. १० बाय १५ फूट, म्हणजे दीडशे स्क्वेअर फूट.

पहिला डेक २०१८ मध्ये शहरातल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतला होता, नाव घेत नाही. बाहेरून आलेलं ट्रीटेड पाईन, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड, दहा वर्षं काही होत नाही असं सांगितलं, चार दिवसात काम उरकलं, वरून चकचकीत वॉर्निश, आम्ही खूश. २०२१ च्या श्रावणात मी गेले तर दोन फळ्यांच्या मधून पांढरी अळंबी वर आलेली, चांगली बोटभर. बाबा म्हणाले, भाजी करायची का. हसलो आणि सोडून दिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्याच खुर्चीचा मागचा पाय फळीतून आरपार गेला, नशीब ते तेव्हा चहा आणायला आत गेले होते आणि खुर्चीत फक्त मांजर होतं.

उखडल्यावर कळलं काय झालं होतं ते. खालचे वासे सरळ सिमेंटच्या कोब्यावर आडवे टाकलेले, मध्ये हवा जायला बोटभर जागा नाही. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यात पडतो, म्हणजे ते वासे जून ते ऑक्टोबर पाण्यात भिजत पडलेले. वर ट्रीटेड पाईनचं औषध बाहेरच्या भागातच मुरलेलं असतं, आत गाभ्यापर्यंत पोचतंच असं नाही, आणि यांनी साइटवर फळ्या कापल्या की कापलेली टोकं तशीच उघडी. बुरशी बरोब्बर त्या टोकांतून शिरलेली. वरून बघाल तर वॉर्निशखाली फळी बरी दिसते, खालून बोट घातलं तर ओल्या बिस्किटासारखी.

आता आमचे मिस्त्री. नाव आणि नंबर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, पुढच्या वर्षापर्यंतचं काम हातात आहे म्हणे. साठीचे असतील, सोबत पुतण्या. पहिल्या दिवशी आले ते जागा बघायलाच तयार नाहीत, आधी पडवीत गेले आणि खांबाशी उकिडवे बसले. आम्हाला वाटलं चप्पल काढतायत. मग म्हणाले, "अण्णा, हा खांब किती वर्षांचा?" बाबा म्हणाले माझ्या आजोबांच्या वेळचा. "मग खाली बघा ना, कशावर उभा आहे." काळ्या दगडाचा तळखडा. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले तिथले खांब जमिनीला टेकलेलेच नाहीत हे मला पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं. जांभा पाणी पितो, ओल वर चढवतो, म्हणून खांब आणि जांभा यांच्या मध्ये घट्ट काळा दगड. वाळवीलासुद्धा लाकडापर्यंत पोचायचं तर दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती उघड दिसते, झाडूने पाडली की झालं.

तर नवीन डेक तसाच उभा केला. बारा तळखडे, त्यावर ऐनाच्या लाकडाचे ठोकळे, ठोकळ्यांवर ऐनाच्याच तुळया आणि आडवे वासे, जमिनीपासून दीड फूट वर. खाली वाकून टॉर्च मारता येतो, कोंबड्या जातात, वारा जातो. घराच्या भिंतीला डेक कुठेही जोडलेला नाही, मध्ये इंचभर फट ठेवलीये, कारण पावसाळ्यात जांभ्याची भिंत ओली होते आणि तिला टेकलेलं लाकूड पण.

वरच्या फळ्या सागाच्या, आणि तो साग आमचाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात वाडीतली अकरा माडं, दोन आंबे आणि कडेचे दोन साग पडले. सागाचे ओंडके वनखात्याचे कागद होईपर्यंत तसेच पडून होते (पडलेलं असलं तरी झाड तुमच्या मनाने उचलून गिरणीवर नेता येत नाही, वाहतुकीचा पास लागतो, हे माहीत नसलेल्यांनी आधी चौकशी करा), मग कापून फळ्या गोठ्यात पट्ट्या घालून रचून ठेवल्या होत्या, दोन वर्षांच्या वर. मला वाटलं घरचं लाकूड, फुकट काम. मिस्त्रींनी एकेक फळी उन्हात धरली आणि पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. कडेचं पांढरं सगळं बाद. तीस पस्तीस वर्षांच्या सागाला पांढरं भरपूर असतं, आणि सागाची जी काही ख्याती आहे, वाळवी लागत नाही, कुजत नाही, ती आतल्या तपकिरी गाभ्याची आहे, पांढऱ्याची नाही. जवळजवळ एक तृतीयांश माल बाजूला काढला. बाबांचा चेहरा बघवत नव्हता, ते साग त्यांनी लावलेले. त्या तुकड्यांचं नंतर कोंबड्यांचं खुराडं झालं, आणि पांढऱ्याला काय होतं ते आता खुराड्यात बघायला मिळतं.

कमी पडला तेवढा साग आणि फ्रेमचा ऐन वखारीतून आणला. ऐन का, तर आमच्याकडची जुनी घरं बघा, तुळया वासे ऐनाचे किंवा किंजळाचेच, सागापेक्षा बराच स्वस्त आणि जड. पण ऐन ओला वापरला तर वाकतो, पिळतो, चिरतो, म्हणून मिस्त्री वखारीत स्वतः आले आणि वाळलेलाच घेतला. वखारवाला आम्हाला काल कापलेला चिकटवत होता, ताजा माल ताजा माल करत. ताजा म्हणजे भाजी आहे का.

स्क्रूची गोष्ट मोठी आहे. समुद्र जवळ म्हणजे साधा खिळा दोन वर्षं, जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, चार पाच वर्षं. मिस्त्रींनी सांगितलं स्टेनलेस, पण तीनशे सोळा ग्रेडचं, तीनशे चारचं नको, खाऱ्या हवेत त्याला पण तांबूस डाग येतात. तालुक्याला मिळेना म्हणून माझ्या भावाने मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून आणले. तिथे एका दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, बघा चिकटत नाही, म्हणजे तीनशे सोळा. अहो तीनशे चार पण चिकटत नाही! डोक्यावर ए फोर असा शिक्का बघून घ्यायचा, ए टू म्हणजे तीनशे चार. साडेसातशेच्या आसपास स्क्रू लागले आणि प्रत्येकाला आधी ड्रिलने भोक, कारण वाळलेला साग कडेला लगेच फुटतो. पुतण्याने सगळी भोकं पाडली, दिवसभर तोच आवाज, शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं अजून किती.

फळ्यांच्या मध्ये फट किती ठेवायची यावरून माझं आणि मिस्त्रींचं थोडं वाजलं. मला बारीक हवी होती, दिसायला छान, शिवाय कानातलं वगैरे पडत नाही. त्यांनी सहा मिलीमीटरचा खिळा मध्ये धरून एकेक फळी बसवली आणि म्हणाले, "ताई, आत्ता मार्च आहे, लाकूड उपाशी आहे. जुलैत ते पोटभर पाणी पिईल, तेव्हा फट कुठे गेली विचारू नका." खरंच जुलैत फट अर्ध्यावर येते. पहिल्या डेकला फटच नव्हती, फळ्या फुगून एकमेकींना ढकलून मधून टेकडीसारख्या वर आल्या होत्या. जिथे दोन फळ्यांची टोकं समोरासमोर येतात तिथे खाली एक वासा नाही तर दोन, आणि टोकांच्या मध्ये पण फट, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाने पितं. प्रत्येक कापलेल्या टोकाला गरम मेण चोपडलं. सगळा डेक वाडीच्या बाजूला किंचित उताराचा आहे, खुर्चीत बसून कळत नाही, पण लिंबू ठेवलं तर घरंगळतं.

खालच्या ऐनाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. काळंकुट्ट, घाण वास, पण किडा आणि बुरशी दोन्ही लांब. हे तेल अंगावर भाजतं, पुतण्याने हातमोजे घातले नाहीत आणि दोन्ही मनगटांवर फोड आले, आठवडाभर बिचारा एरंडेल लावून बसला. वासाबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, महिनाभर पडवीत बसणं मुश्कील होतं, तो एक मार्क मी तिथेच कापला.

वर वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश अजिबात नाही. पापुद्रा धरणारं काहीही उन्हाने तडकतं, तडीतून पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नाही. बाबा म्हणाले जवसाचं तेल लावा, आमच्या वेळी तेच लावायचे. मिस्त्री म्हणाले घरात लावा, उघड्यावर त्याच्यावर काळी बुरशी येते. लाकडात मुरणारं, बुरशीचं औषध आणि थोडा रंग असलेलं डेकिंग ऑइल लावलं. दरवर्षी एप्रिलमध्ये परत एक हात द्यायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही कंटाळा केला तर फळ्या राखाडी झाल्या, पण फक्त राखाडी, ताकदीला काही नाही. मला तर तो रंग आवडला, भावाला नाही.

आता तक्रारी. काम तीन आठवड्यांचं सांगून दोन महिने चाललं. मध्ये शिमगा आला आणि दोघे बारा दिवस गायब, फोन बंद, पालखी घरी आल्याशिवाय हत्याराला हात लावत नाही म्हणे. ठीक आहे, कोकणात राहून शिमग्याला कामाला माणूस मागणं ही माझीच चूक, पण निदान सांगून जा ना. अंदाजपत्रक कागदावर देत नाहीत, सगळं तोंडी, शेवटी मजुरी, ऐन, स्क्रू, दगड, गाडी धरून एक लाख दहा हजार झाले, सुरुवातीला ऐंशी म्हणाले होते. आणि ते खिळे! मध्ये धरलेले लोखंडी खिळे संध्याकाळी काढायचे राहिले, रात्री अवकाळी पाऊस पडला, सकाळी प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा काळा डाग. लोखंड, पाणी आणि लाकडातला तुरट रस एकत्र आला की असं होतं, हे त्यांना माहीत होतं, विसरले. मी चिडले, ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड पाण्यात कालवून ब्रशने सगळं घासलं, डाग गेले. त्या दिवसाची मजुरी त्यांनी लावली नाही, हे पण लिहायला हवं.

भावाचं म्हणणं होतं डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या टाका, कटकट नाही. मी एका रिसॉर्टवर मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी चालून बघितलंय, चटके बसतात. सागावर बाबा दुपारी पण पाय ठेवू शकतात. बाकी ज्यांना दरवर्षी तेल लावायचं नाही त्यांनी डब्ल्यूपीसीच घ्या, उगाच सागाचा हट्ट नको.

शेवाळ येतंच, हे ऐकून घ्या. कितीही चांगलं काम करा, श्रावणात बुळबुळीत होणार. आम्ही खराट्याने फळीच्या लांबीच्या दिशेने घासतो, पंधरा दिवसांनी एकदा. अंगणात टाकतो ती ब्लीचिंग पावडर इथे टाकायची नाही आणि प्रेशर वॉशर तर नाहीच, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि मग शेवाळ आणखी धरतं. म्हणूनच वर खाचा मारलेल्या फळ्या पण घेऊ नका, दुकानात सांगतात घसरत नाही म्हणून, आमच्याकडे त्या खाचांत माती आणि पाणी राहतं. फटीत आंब्याची पानं अडकतात ती जुन्या करवतीच्या पात्याने काढायची, ते काम सध्या माझ्या मुलीकडे आहे, तासाला वीस रुपये.

तीन पावसाळ्यांनंतर हिशोब असा, एक फळी पन्हळीसारखी वाकली, ती मिस्त्रींनी येऊन बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला. बाकी गेल्या दिवाळीत मी स्वतः खाली सरपटत जाऊन स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला प्रत्येक वाशाला, कुठेही आत गेला नाही. जास्तीच्या तीन फळ्या माळ्यावर ठेवल्या होत्या, आता दोन उरल्यात.