गोथाचा फ्रीडेनश्टाइन राजवाडा: दोन अर्न्स्ट पहिले, दोन अर्न्स्ट दुसरे

जर्मनीतल्या थुरिंगियात जाणारे लोक वायमार आणि आयझेनाख उरकून परततात. या दोन्हींना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरच गोथा आहे, एरफुर्टहून जेमतेम वीस मिनिटांवर. छोट्या जर्मन संस्थानाचा कारभार चालायचा कसा, हे एकाच जागी बघायचं असेल तर इथेच उतरा.

पण आधी राजांचा गोंधळ निस्तरून घ्या, नाहीतर तिसऱ्या दालनात डोकं गरगरायला लागतं. सॅक्स-गोथा हे संस्थान १६४० च्या वाटणीतून निघालं. पहिला ड्यूक अर्न्स्ट पहिला, म्हणजे 'धर्मनिष्ठ' अर्न्स्ट. १६७५ मध्ये तो वारला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सात मुलांनी राज्याचे सात तुकडे केले: गोथा-आल्टेनबुर्ग, कोबुर्ग, मायनिंगेन, र्‍योमहिल्ड, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, झालफेल्ड. गोथाच्या गादीवर मग ओळीने फ्रीडरिश पहिला, दुसरा, तिसरा, त्यानंतर अर्न्स्ट दुसरा, ऑगस्ट आणि शेवटी फ्रीडरिश चौथा. तो १८२५ मध्ये निपुत्रिक गेला आणि भाऊबंदांत पुन्हा वाटणी झाली. १८२६ मध्ये कोबुर्ग-झालफेल्डच्या ड्यूकने झालफेल्ड मायनिंगेनला देऊन गोथा घेतलं. तोवर तो अर्न्स्ट तिसरा होता. नव्या संस्थानात क्रमांक पहिल्यापासून सुरू झाला आणि तो झाला अर्न्स्ट पहिला! त्याच्यानंतर मुलगा अर्न्स्ट दुसरा. थोडक्यात, पाटीवर नुसतं 'अर्न्स्ट दुसरा' वाचून पुढे जाऊ नका, साल बघा. १८०४ च्या आधीचा असेल तर तो वेधशाळा बांधणारा, १८४४ नंतरचा असेल तर राणी व्हिक्टोरियाचा दीर.

व्हिक्टोरियाच्या या दिराला औरस संतती नव्हती, म्हणून १८९३ मध्ये गादी पुतण्याकडे, व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेडकडे गेली. मुंबईकरांनी त्याचं नाव नकळत ऐकलेलं असतं. १८७० मध्ये रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची कोनशिला त्यानेच बसवली. रीगल सिनेमासमोरच्या त्या इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

आता राजवाडा. बांधकाम १६४३ ते १६५४, म्हणजे युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध (१६१८-१६४८) चालू असतानाच सुरू झालेलं. त्याच टेकडीवरचा ग्रिमेनश्टाइन किल्ला १५६७ मध्ये जमीनदोस्त केला होता. मुख्य दारातून घाईने आत शिरू नका, मान वर करा: शांतता आणि न्याय या दोन स्त्रिया एकमेकींचं चुंबन घेताना कोरल्या आहेत. सोबतच्या ओळीचा आशय असा: शांतता पोसते, कलह गिळून टाकतो. बाहेरून वाडा अगदी रुक्ष वाटतो. खर्च आत केलाय.

सगळ्यात पाहण्यासारखं आहे ते पश्चिम बुरुजातलं एकहोफ थिएटर. चेंडू खेळण्याच्या दालनाचं १६८० च्या दशकात नाट्यगृह केलं आणि त्या काळातली लाकडी यंत्रणा अजून चालते. विंगा रंगमंचाखालच्या गाड्यांवर उभ्या आहेत. गाड्यांचे खांब फळ्यांमधल्या खाचांतून वर येतात आणि त्यांवर रंगवलेली चौकट अडकवतात. सगळ्या गाड्यांचे दोर खाली एकाच मोठ्या लाटेला, म्हणजे फिरत्या लाकडी दांड्याला, गुंडाळलेले असतात. लाट फिरली की एक संच आत सरकतो, दुसरा त्याच क्षणी बाहेर. वरच्या झालरीही त्याच हिशेबात बदलतात. आपल्या संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे वर गुंडाळले जात. इथे सगळं आडवं सरकतं, तेही प्रेक्षकांसमोर, काही सेकंदांत. मेख दोरांत आहे. हवेतल्या ओलाव्याने दोर आखडतात, कोरड्या हवेत सैलावतात आणि एक जरी सैल राहिला तर ती विंग मागे रेंगाळते. नुसतं रिकामं थिएटर बघण्यापेक्षा उन्हाळ्यातल्या एकहोफ महोत्सवाचं तिकीट काढा. यंत्रणा फिरताना बघणं हाच खरा पैसा वसूल. ज्याचं नाव थिएटरला आहे त्या नट कोनराड एकहोफने १७७५ मध्ये इथे पगारी नटांची कायम मंडळी उभी केली होती.

तक्रार एकच, पण मोठी: संग्रह दोन इमारतींत विभागलाय. ड्यूकची दालनं वाड्यात, चित्रं मात्र उद्यानाच्या बाजूच्या हेर्झोगलिशेस म्युझियममध्ये. स्टेशनवरून चालत आलात तर म्युझियम आधी लागतं, तेव्हा तेच आधी करा. तिथे १४८० च्या सुमाराचं 'गोथाचं प्रेमी युगुल' हे चित्र आहे. शिवाय डिसेंबर १९७९ मध्ये वाड्यातून चोरीला गेलेली आणि चाळीस वर्षांनी परत मिळालेली पाच चित्रंही या संग्रहाचीच. घाईत असलेले बरेच जण नुसता वाडा बघून निघतात आणि 'चित्रं कुठेत?' असं विचारत बसतात.

वाड्याची डागडुजी गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने चालू आहे, त्यामुळे कोणती दालनं उघडी आहेत ते निघण्याआधी संकेतस्थळावर बघा. सोमवारी जाऊ नका. तटाखालची भुयारं फक्त मार्गदर्शकासोबत बघता येतात. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेतच. दोन्ही इमारती आणि भुयारं धरून पूर्ण दिवस ठेवा. अर्धाच दिवस असेल तर भुयारं सोडा, थिएटर सोडू नका.